अंकुशला बदली द्यावी

२७ डिसेंबर २०२५, शनिवार

मयुरीने आज सकाळी हात जोडले. म्हणाली, या घरात अंकुशचं नाव दिवसातून दहा वेळा निघतं, त्यातल्या आठ वेळा तुमच्या तोंडून, आणि ऐकायला मी एकटी. आता कुठंतरी लिहून काढा. म्हणून ही वही. जिनिंगवाल्यांनी गेल्या वर्षी माझ्याकडून डायऱ्या छापून घेतल्या होत्या, त्यातली एक उरली होती. छापील तारखा खोडून लिहितोय.

तर लिहून काढतो. आज मी अंकुशचा दहा फुटी फ्लेक्स छापला. हिंगणघाटात फ्लेक्सची काही कमी दुकानं नाहीत, पण वेणाकाठ पाठीराखे मंडळाचा अध्यक्ष मी, म्हणून काम माझ्याच बोडक्यावर. ‘हिंगणघाटचा अभिमान, नागपूर नारिंगी संघाचा गोलरक्षक अंकुश.’ अहो, राखीव गोलरक्षक. दोन वर्षांत एक मिनिटही फुटबॉलच्या मैदानावर उतरला नाही. बेंचवर बसून पाणी पितो, त्याचा अभिमान. मी ‘राखीव’ शब्द बारक्या अक्षरात टाकला होता, मंडळाच्या लोकांनी काढायला लावला.

फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा मारताना दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. रोज दुकानात येतात, टोक धरतात, चहा आणतात. आज फोटोकडे पाहून म्हणाले, पोट्ट्याचे गाल बसले, जेवत नाई वाटते. माझ्या गालांची चौकशी कोणी केल्याचं मला आठवत नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

काल नागपूरला आमचा संघ पुन्हा हरला, ०-१. या हंगामातला सहावा पराभव. गोल करणारा माणूस नाही, ही खरी बोंब आहे. कीपर तर चांगलाच आहे, केरळचा, मांजरासारखा झेपावतो. मग दुसरा कीपर कशाला पोसायचा, असं मी मॅचहून परतताना मंडळाच्या बसमध्ये सहज बोललो तर सगळे माझ्याकडे असे पाहू लागले जसं काही मी कोणाची आई काढली.

एक गोष्ट लिहूनच टाकतो. दहावीत शाळेचा पहिला कीपर मी होतो. हे आता गावात सांगितलं तर लोक ‘असं का’ म्हणतात आणि चहा मागवतात. अंकुश माझा राखीव होता, माझी पाण्याची बाटली सांभाळायचा. बाबा गिरणीत, दुपारपाळी, माझी एकही मॅच त्यांनी पाहिली नाही. मग मला कावीळ झाली. मी येऊ शकत नाही हे सरांना सांगायला बाबा सुट्टी टाकून मैदानावर गेले आणि तिथंच थांबले. माझ्या जागी अंकुश उतरला होता. त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. बाबांनी आयुष्यात पाहिलेली पहिली मॅच ती. घरी येऊन माझ्या खाटेशी बसले आणि संध्याकाळभर हातवारे करून मला ती मॅच सांगत राहिले. अंगभर पिवळ्या पडलेल्या पोराला दुसऱ्याचं कौतुक ऐकवायचं म्हणजे काय म्हणावं. तेव्हापासून जे सुरू झालं ते आजतागायत सुरू आहे. तो नागपूरला खेळायला गेला, मी छपाईसाठी कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ शिकलो.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

क्लबच्या व्यवस्थापकांचा फोन. आमच्या लीगमध्ये जानेवारीत राखीव खेळाडूंची अदलाबदल करता येते, माणसाला माणूस. कोल्हापूर करवीर संघाचा दुसरा कीपर गुडघा फुटून घरी बसला. त्यांना आमचा अंकुश पाहिजे. बदल्यात ते त्यांचा राखीव स्ट्रायकर ऋतिक द्यायला तयार आहेत. गेल्या वर्षी क्लबने चंद्रपूरचा खेळाडू न विचारता देऊन टाकला होता, तर चंद्रपूरच्या लोकांनी हंगामभर स्टँड रिकामा ठेवला. म्हणून आता ज्या गावचा खेळाडू, त्या गावच्या मंडळाचं पत्र घेतात. दहा तारखेच्या आत पत्र द्या म्हणाले.

छातीत धडधडलं. खोटं कशाला लिहू, आनंदानं धडधडलं. कोल्हापूर म्हणजे दिवस-रात्रीचा प्रवास. तिथून कोणी दर आठवड्याला भागीरथाबाईंना भेटायला येत नाही आणि येता-येता आमच्या ओसरीवर टेकत नाही. भागीरथाबाई म्हणजे अंकुशची आई, आमच्यापासून तिसरं घर.

पण मी हे संघाच्या भल्यासाठीच म्हणतोय. आम्हाला स्ट्रायकरच पाहिजे.

४ जानेवारी, रविवार

नत्थूजींच्या टपरीवर आज दोन तास हाच विषय. टपरी गिरणीच्या बंद गेटासमोर, नत्थूजी स्वतः जुने गिरणीवाले. ओमप्रकाश जिनिंगमध्ये काट्यावर असतो, त्याला प्रत्येक गोष्ट तोलायची सवय. मोबाईल काढून बसला. ऋतिक चार मॅचमध्ये मिळून बावन्न मिनिटं खेळला, दोन गोल. अंकुश शून्य मिनिटं, शून्य गोल खाल्ले. शून्याचं काय वजन करायचं, असं त्याचं म्हणणं. देऊन टाका.

नत्थूजी म्हणाले, स्टेपनी वापरली नाही म्हणून कोणी विकून टाकत नाही, आणि तीही घरची स्टेपनी. ओमप्रकाश म्हणाला, गाडीला इंजिनच नाही तर स्टेपनी घेऊन काय करता. लोक हसले. मग बावन्न मिनिटांतले दोन गोल कोणाविरुद्ध होते यावर भांडण. एक गोल तळाच्या संघाविरुद्ध, त्याचा अर्धाच धरा, असं एकानं काढलं. अर्धा गोल कसा धरतात ते कोणालाच सांगता येईना.

मी संघहित, संघहित असं बरंच बोललो. चांगलं बोललो, माझ्या मते. नत्थूजींनी कप विसळता-विसळता माझ्याकडे पाहिलं.

‘भूपेन, तुले लय घाई होऊन राह्यली त्याले पाठवाची.’

मी म्हटलं, मले कायची घाई. पण कान तापले होते.

७ जानेवारी, बुधवार

आज दुकानात मंडळाची बैठक. माझ्यासकट चौदा जण होते. आणि बाबा. बैठकीला बाबा पहिल्यांदाच बसले, फ्लेक्सच्या रोलवर, मागे. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मागची पोरं आपसात बोलत होती, बाबांनी त्यांना हातानंच गप्प केलं. मला वाटलं, आता अंकुशची बाजू घेण्याआधी समोरच्याचं नीट ऐकून घेणार आहेत.

झालंही तसंच. सात इकडे सात तिकडे अशी कोंडी झाल्यावर बाबा उठले. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही, टोपी हातात घेऊन बोलले.

‘मी अकरा वर्सं गिरणीत बदली होतो. रोज सकाळी गेटावर उभं राह्याचं. कोणी कामगार नाई आला तर जॉबर बोट दाखवे, मंग त्या दिवशीची पाळी आपली. नाई तर डबा घरी आणून खायाचा. ज्याले पाळी भेटलीच नाई, त्याले काम येत नाई असं कसं म्हणता? त्याले एक बदली देऊन पाहा. मंग तोला.’

नत्थूजींनी डोळे पुसले. तेही बदली होते. ओमप्रकाशसुद्धा गडबडला, म्हणाला, एक मॅच उतरवून पाहायला हरकत नाही, मग आकडे तरी हाती येतील. सगळे एका सुरात म्हणाले, लिही, अंकुशले बदली द्या.

मी अकरा वर्षांचं हे कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे बदली होते हे माहीत होतं, पण डबा घरी आणून खायचं मला कधी सांगितलं नाही. अंकुशसाठी सांगितलं.

कॉम्प्युटरवर बसलो आणि लिहिलं: ‘आमच्या गावचे खेळाडू श्री. अंकुश यांना बदली द्यावी, अशी मंडळाची एकमुखी विनंती आहे.’ प्रिंट काढली, चौदा सह्या झाल्या. बाबा सभासद नाहीत तरी नत्थूजींनी त्यांचीही सही घ्यायला लावली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ धरला, चष्मा आणला नव्हता. मग सही केली.

जे बोलले तेच लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

८ जानेवारी, गुरुवार

मयुरीने पत्र वाचलं. तिचा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, गेली चार वर्षं कारंज्याहून आर्वीला येण्यासाठी अर्ज करतोय.

ती म्हणाली, ‘अहो, हे तर भाऊच्या अर्जासारखं झालं. बदली द्यावी. नागपूरवाले म्हणतील, याले दुसरीकडे पाठवा म्हणून राह्यले.’

मी म्हटलं, तुला गिरणीची भाषा कळत नाही. ती म्हणाली, क्लबवाल्यांना कळते का? ‘मैदानात उतरवा’ असं सरळ लिहा ना, एक ओळ तर आहे. मी म्हटलं, सह्या झाल्यावर मजकूर बदलता येत नाही, कायद्यानं गुन्हा होतो. ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली.

साडेअकराला पत्राचा फोटो काढून क्लबला पाठवला. पाठवण्याआधी दोनदा वाचला. मराठीच्या दृष्टीनं काही चूक नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

व्यवस्थापकांचा फोन. म्हणाले, पत्र मिळालं, आम्हाला वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या मोठ्या मनानं घ्याल. म्हणजे बदलीला मंडळाची हरकत नाही ना? मी म्हटलं, साहेब, पत्रात लिहिलंय तसं. ते म्हणाले, आभारी आहोत.

मी खोटं काय बोललो? काहीच नाही. 

१३ जानेवारी, मंगळवार

जाहीर झालं. अंकुश कोल्हापूरला, ऋतिक नागपूरला.

टपरीवर नुसता गोंधळ. नत्थूजी म्हणाले, पंधरा माणसांच्या सह्यांचं पत्र कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आपली काही किंमतच नाही. पोरं निषेधाचा फ्लेक्स पाहिजे म्हणाली. मी छापून दिला, सहा बाय चार, ‘हिंगणघाटचा अपमान सहन करणार नाही’. टपरीसमोर बांधताना मीच घोषणा दिली. आवाज चांगला लागला.

ओमप्रकाश एकटाच मनातून खूश. आणि मी. ते इथंच लिहितो, दुसरीकडे कुठं बोलणार. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. घरी जाताना पावभर जिलेबी घेतली. मयुरीने विचारलं, कशाची? मी म्हटलं, उद्या संक्रांत आहे ना. तिनं एक तुकडाही खाल्ला नाही.

निषेधाच्या फ्लेक्सचंही टोक धरलं बाबांनी.

१७ जानेवारी, शनिवार

अंकुश आज नागपूरहून कोल्हापूरच्या गाडीत बसला. गाडी वर्ध्याला थांबते म्हणून बाबा भागीरथाबाईंना घेऊन सकाळच्या एसटीनं वर्ध्याला गेले. सत्तर वर्षांचा माणूस. जवसाची चटणी, तिळाच्या भाकरी, संत्री. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यासाठी जायचे-यायचे तीन तास.

मी शिकायला नागपूरला निघालो तेव्हाची गोष्ट लिहितो. घरून निघायलाच उशीर झाला, हिंगणघाटची सकाळची बस चुकली. बाबांनी मला सायकलवर डबलसीट नागपूर रस्त्यावरच्या जाम गावापर्यंत आणून सोडलं, आणि बसमध्ये बसवून परत फिरले. जामपर्यंतच. नागपूरला माझ्या खोलीवर वर्षभरात एकदा तरी आले असते. नाही आले. अंकुशसाठी वर्धा.

संध्याकाळी म्हणाले, पोट्टा गाडीत रडला. मी मशीन सुरू केलं, त्याचा आवाज मोठा असतो.

१ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू. कोल्हापूरच्या पहिल्या कीपरचं बोट सरावात मोडलं आणि अंकुश आज पहिल्यापासून मैदानात.

दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांनी पाहिलं. बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर. मी मागे उभा होतो. आणि इथं खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो, प्रत्येक कॉर्नरला मी मनात म्हणत होतो, सुटू दे, याच्या हातून सुटू दे. एकदा सुटलाही. चेंडू हातातून निसटून रेषेकडे गेला, माझ्या तोंडून ‘हां’ निघालं. त्यानं मागं उडी मारून तो परत पकडला. लोक नाचले. सगळ्यांना वाटलं माझं ‘हां’ त्यासाठी होतं. नत्थूजींनी पाठीवर थाप मारली.

कोल्हापूर २-०. बाबांनी वळून कोणाकडे पाहिलं? माझ्याकडे. डोळे भरले होते. मी कीबोर्ड पुसायला घेतला.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरी मॅच, अंकुशनं अजून एकही गोल खाल्ला नाही. आमचा ऋतिक तीन मॅचमध्ये सात वेळा ऑफसाइड. ओमप्रकाश टपरीवर यायचा बंद झाला. आज नवीन फ्लेक्सची ऑर्डर आली, अंकुश कोल्हापूरच्या जर्सीत, पंधरा फूट. या वेळी ‘राखीव’ शब्द टाकायची सोयही राहिली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल कोल्हापूरचा संघ नागपूरला खेळला, १-१. आज एक दिवसाची सुट्टी घेऊन अंकुश गावात आला. दुपारी आमच्याकडे जेवायला. भागीरथाबाईही होत्या. मयुरीने पातोडीची भाजी केली होती. मी दुकानात काम आहे म्हणून सटकायला पाहत होतो, बाबांनी सांगितलं, आज कुलूप लाव.

अंकुश दारातून आत आला आणि सरळ मला मिठी मारली. मला वाटलं नाटक करतो. सुटेचना.

‘तुले माहीत नाई बे तू काय केलं ते. दोन वर्सांपासून मी सायबांच्या मागं होतो, मले कुठंबी द्या पण खेळू द्या. ते म्हणत, तुया गावचे लोक भडकतील. मंग तुमचं पत्र आलं. सायबानं मले दाखवलं. बदली द्यावी. खाली पंधरा सह्या.’

नत्थूजींना वाटतं क्लबने आमचं पत्र फेकून दिलं. याला वाटतं आम्ही सगळ्यांनी मिळून काळजावर दगड ठेवून याला मोकळं केलं.

‘पत्र लिहिणारा कोण, तं भूपेन,’ तो भागीरथाबाईंना सांगत होता. ‘शाळेतबी यानंच मले ग्लोव्ह्ज घालाले शिकवलं.’

हे मला आठवत नाही. भागीरथाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मयुरी स्वयंपाकघरात गेली, भांडी वाजायला लागली. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘हाओ, यानंच लिहिलं,’ आणि माझ्या ताटात आपल्या हातानं भाजी वाढली. आयुष्यात पहिल्यांदा अंकुश बसला असताना त्यांनी मला आधी वाढलं. मी जेवलो. लाज वाटली आणि गोडही लागलं, दोन्ही.

चारला अंकुश गेला. बाबा ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, त्या पत्राचं एक सांगायचं होतं. ते म्हणाले, कायले सांगतं.

‘मी वाचून सही केली. चष्मा नव्हता, पण एकच ओळ होती. अकरा वर्सं बदली होतो मी, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मले समजतात.’

मी विचारलं, मग सही काऊन केली?

‘नागपूरवाले त्याले कधीच पाळी देणार नव्हते. गेटावर बसल्या-बसल्या म्हातारा झाला असता. दुसऱ्या गिरणीत तरी भेटंल म्हटलं.’ चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ‘आन तुया मनात कोन्ता अर्थ होता तेबी तवाच दिसला मले.’

रागावले असते तर बरं झालं असतं. आवाज नेहमीचाच होता, फ्लेक्सचं टोक सरळ धर म्हणतात तसा.

मग मी विचारलं, अंकुशला सांगितलं का? ते म्हणाले, नाई. आन सांगणारबी नाई. उठले, टोपी घातली आणि दुकानाची किल्ली मागितली. पंधरा फुटी फ्लेक्सला रिंगा मारायच्या राहिल्या होत्या. मी किल्ली दिली. मागून मीही गेलो. ते एक टोक धरून उभे होते, मी दुसरं धरलं.

सांगणार नाहीत, ते त्याच्या मनाला लागू नये म्हणून, की माझी लाज राहावी म्हणून, एवढंच विचारायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण उत्तरात ते अंकुशचं नाव घेतील याची मला इतकी भीती वाटली की मी विचारलंच नाही.